विमानातला किरणोत्सर्ग आणि रोजगार कायदा : दोन शाखांचा प्रबंध कसा बांधायचा

वैमानिक आणि केबिन क्रू यांना कामावर असताना वैश्विक किरणांचा, म्हणजे अंतराळातून येणाऱ्या किरणोत्सर्गाचा, डोस मिळतो. जमिनीवर आपल्याला हवेच्या जाड थराचं संरक्षण असतं. ११ किलोमीटर उंचीवर त्या थराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग विमानाच्या खाली राहिलेला असतो. डोस किती, हे काढणं विमान अभियांत्रिकीचं काम, आणि तो मोजायची, कळवायची, त्याची भरपाई द्यायची जबाबदारी कोणावर, हे रोजगार कायद्याचं. विषय पीएचडीला किंवा एलएलएमच्या प्रबंधाला उत्तम आहे, पण फसायच्या जागाही ठरलेल्या आहेत. अभियांत्रिकीचा विद्यार्थी पाच प्रकरणं आकडेमोड करतो आणि शेवटी शेपटासारखं कायद्याचं प्रकरण जोडतो. कायद्याचा विद्यार्थी कुठल्यातरी अहवालातून ‘वर्षाला २ ते ५ मिलिसिव्हर्ट’ (सिव्हर्ट हे किरणोत्सर्गाच्या डोसचं एकक) हा आकडा उचलतो आणि त्यावर शंभर पानं रचतो. दोन्ही प्रबंध तोंडी परीक्षेत एकाच प्रश्नावर अडतात : हा आकडा कायद्याच्या कोणत्या शब्दाला उत्तर देतो?

म्हणून काम उलट्या टोकाने सुरू करायचं. कायदा कोणता आकडा मागतो आणि किती अचूक मागतो ते आधी पाहायचं, सॉफ्टवेअरला हात नंतर लावायचा.

पहिली पायरी : उंबरठे लिहून काढा

युरोपीय संघाच्या २०१३ च्या ५९ क्रमांकाच्या युराटॉम (युरोपीय अणुऊर्जा समुदाय) निर्देशात अनुच्छेद ३५ विमान कर्मचाऱ्यांबद्दल आहे. वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोसची शक्यता असेल तर विमान कंपनीने तो मोजायचा, ड्युटी लावताना विचारात घ्यायचा आणि कर्मचाऱ्याला सांगायचा. ६ मिलिसिव्हर्टच्या वर जायची शक्यता असेल तर नियंत्रणाचे कडक नियम लागू होतात. कामगारासाठी वार्षिक मर्यादा २० मिलिसिव्हर्ट. गरोदरपण कळवल्यापासून प्रसूतीपर्यंत गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळू नये, अशी व्यवस्था करणं मालकावर बंधनकारक आहे.

अमेरिकेत विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, शिफारशीवर थांबतं : पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, गर्भासाठी एकूण १ आणि कोणत्याही एका महिन्यात ०.५ मिलिसिव्हर्ट. शिफारस आणि बंधन यांतला हा फरक प्रबंधात ठळक हवा. अनेकजण दोन्ही एकाच तक्त्यात ‘मर्यादा’ म्हणून टाकून मोकळे होतात.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सहाव्या परिशिष्टात ४९,००० फुटांपेक्षा वर उडणाऱ्या विमानांत डोस मोजणारं उपकरण सक्तीचं आहे. आजची प्रवासी विमानं बहुतेक ४३,००० फुटांच्या आत उडतात, त्यामुळे या तरतुदीचा त्यांना काही उपयोग नाही. ती कॉनकॉर्ड या आवाजापेक्षा वेगवान, आता बंद झालेल्या प्रवासी विमानाच्या काळाची आठवण आहे. भारतीय नियमांतही ४९,००० चा आकडा दिसला की ‘भारतात कायदा आहे’ असं लिहायची घाई करू नका.

प्रत्येक उंबरठा वेगळी आकडेमोड मागतो. १, ६ आणि २० यांना वार्षिक बेरीज पुरते. अमेरिकी ०.५ साठी महिन्यागणिक हिशेब लागतो. गर्भासाठी कळवल्याची तारीख आणि त्यानंतरचं प्रत्येक उड्डाण लागतं. कर्करोगाच्या दाव्याला मात्र पूर्ण नोकरीचा डोस लागतो, तोही वयानुसार विभागलेला. यांपैकी एकच प्रश्न निवडा. चालण्याजोगा एक प्रश्न असा : दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्गावरच्या केबिन क्रू सदस्याला गरोदरपण कळून ते कळवेपर्यंत आठ आठवडे गेले, तर त्या काळात गर्भाला किती डोस मिळतो आणि त्या काळातली जबाबदारी भारतीय कायद्यात कोणावर येते? यात मार्ग ठरलेला आहे, काळ ठरलेला आहे आणि कायद्यातली पोकळीही नेमकी दिसते.

दुसरी पायरी : भारतीय कायद्याची तारीखवार यादी

भारतात सध्या हे काम किचकट आहे, कारण पायाच सरकला आहे. विमान अधिनियम १९३४ ची जागा भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने १ जानेवारी २०२५ पासून घेतली. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. एक वही किंवा स्प्रेडशीट करा आणि प्रत्येक तरतुदीपुढे चार रकाने ठेवा : मूळ कायदा व कलम, लागू असल्याचा काळ, नव्या कायद्यातलं कलम, शब्दांत झालेला बदल. चौथा रकाना वेळ खातो आणि प्रबंधाला खरं मूल्यही तोच देतो. २०१० साली आजारी पडलेल्या माणसाला २०२५ ची संहिता लावून मोकळं होणं ही परीक्षकाच्या हाती आयती दिलेली चूक असते.

सर्वांत महत्त्वाचा धागा कर्मचारी भरपाई अधिनियम १९२३ मधला आहे, ज्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ‘कर्मचारी’ या व्याख्येत, कलम २(१)(डीडी) मध्ये, विमानाचा कॅप्टन आणि क्रूचे इतर सदस्य स्पष्ट नावाने येतात. औद्योगिक विवाद कायद्याखाली वैमानिक ‘कामगार’ आहे की नाही, पगार आणि पर्यवेक्षणाचं काय, हा जुना वाद इथे शिरतच नाही. तिसऱ्या अनुसूचीच्या ‘ब’ भागात आयनकारी किरणोत्सर्गाने होणारे रोग आहेत, आणि काम म्हणून अशा किरणोत्सर्गाशी संबंध येणारं सर्व काम दिलेलं आहे. ‘ब’ भागासाठी त्याच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली असावी लागते. अट पूर्ण झाली की कलम ३(२) म्हणतं, उलट सिद्ध होईपर्यंत रोग नोकरीतून आणि नोकरीदरम्यान उद्भवला असं मानायचं.

इथे घाईत वाचणारा विद्यार्थी घसरतो. गृहीतक रोग आणि नोकरी यांच्या नात्याबद्दल आहे. अनुसूचीतली नोंद मात्र ‘किरणोत्सर्गाने होणारे रोग’ अशी आहे. म्हणजे रोग किरणोत्सर्गानेच झाला का, हा प्रश्न मागच्या दाराने परत येतो. त्याचं उत्तर आकडेमोडीशिवाय मिळत नाही, आणि दोन शाखांचा सांधा नेमका इथे आहे.

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० च्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक रोगांची यादी आहे. जुन्या आणि नव्या यादीतली किरणोत्सर्गाची नोंद शेजारी-शेजारी ठेवून शब्द न् शब्द जुळवा, ‘कर्मचारी’च्या व्याख्येतही क्रू कुठे आणि कसा येतो ते तपासा. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये ‘आस्थापना’ची कल्पना जागेशी जोडलेली आहे. उडतं विमान ही तशी ‘जागा’ ठरते का, यावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल.

किरणोत्सर्ग संरक्षणाचे २००४ चे नियम आणि मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक परिषदेच्या मर्यादा (पाच वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षी कमाल ३०) क्ष-किरण तंत्रज्ञ, अणुभट्टी कामगार वगैरेंसाठी बनल्या. त्यांची भाषा परवाना असलेल्या स्रोतांभोवती फिरते. आकाशाला परवाना नसतो, त्यामुळे त्या मर्यादा विमान क्रूला आपोआप लागू आहेत असं लिहू नका. तुलनेचा मापदंड म्हणून त्या जरूर वापरा.

गरोदरपणाच्या प्रश्नाला एअर इंडिया विरुद्ध नर्गेश मिर्झा (१९८१) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सोडून पुढे जाता येत नाही. पहिल्या गरोदरपणात हवाई सुंदरीला नोकरीवरून काढण्याचा नियम न्यायालयाने त्यात रद्द केला. डोसच्या नावाखाली बाईला जमिनीवर बसवून भत्ते कापणारी कंपनी संरक्षण देते आहे की भेदभाव करते आहे, हा प्रश्न त्या निकालाशी आणि मातृत्व लाभाच्या तरतुदींशी जोडून मांडावा लागतो. उड्डाण भत्ता हा क्रूच्या कमाईचा मोठा भाग असतो. त्यामुळे कळवायला उशीर का होतो, याचं उत्तर बहुधा पगारपत्रकात सापडतं.

तिसरी पायरी : माहिती कुठून आणि कशी

दर उड्डाणामागे पुढच्या गोष्टी लागतात : तारीख, निघण्याचं आणि उतरण्याचं विमानतळ चार अक्षरी कोडने (मुंबई व्हीएबीबी, दिल्ली व्हीआयडीपी, सॅन फ्रान्सिस्को केएसएफओ), चाकं सुटल्याची आणि टेकल्याची वेळ जागतिक प्रमाणवेळेत, प्रत्येक फ्लाइट लेव्हलवर (शंभर फुटांत मोजलेली उंची; ३१० म्हणजे ३१,००० फूट) घालवलेली मिनिटं आणि मार्गावरचे वळणबिंदू.

लॉगबुकात सहसा ब्लॉक टाइम असतो, म्हणजे गेट ते गेट. टॅक्सीची वीस-चाळीस मिनिटं त्यात मिसळलेली असतात. लांब पल्ल्याला हा फरक किरकोळ असतो, पण मुंबई–दिल्लीसारख्या दोन तासांच्या फेरीत तो डोस पाचव्या हिश्श्याने फुगवू शकतो.

विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरची माहिती जमिनीवरच्या रिसीव्हरकडून येते. ध्रुवावर आणि महासागरावर रिसीव्हर नसतात, आणि मधली फट बऱ्याचदा सरळ रेषेने भरलेली असते. ज्या भागात डोस सर्वांत जास्त, नेमका तोच भाग असा अंदाजाने भरला जातो. त्यासाठी कंपनीचा ऑपरेशनल फ्लाइट प्लॅन लागतो. तो नियोजित उंची दाखवतो, प्रत्यक्षातली नव्हे, हे तळटीपेत नोंदवा.

एका महिन्याचं रोस्टर घेऊन बाराने गुणू नका. उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, मार्ग आणि विमानं बदलतात, ध्रुवीय मार्ग वाऱ्यानुसार निवडला जातो. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाल्यापासून पश्चिमेकडच्या फेऱ्या वळसा घेऊन लांबल्या. किमान सलग १२ महिने घ्या.

आता संमतीचा भाग, जो विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात उरकतात. लॉगबुक त्या व्यक्तीचं स्वतःचं असतं, पण रोस्टर आणि फ्लाइट प्लॅन कंपनीचे दस्तऐवज असतात. ते बाहेर दिल्याने नोकरीच्या करारातलं गोपनीयतेचं कलम मोडू शकतं, आणि किंमत सहभागी व्यक्ती मोजते, संशोधक नाही. म्हणून लॉगबुकवर भर ठेवा आणि कंपनीच्या कागदांसाठी कंपनीची लेखी परवानगी घ्या. संस्थेच्या नैतिकता समितीपुढे अर्ज माहिती गोळा करण्याआधी जायला हवा. नाव काढून टाकणंही पुरेसं नाही. अमुक तारखेच्या अमुक विमानात मोजकेच लोक ड्युटीवर असतात, त्यामुळे तारीख आणि मार्ग मिळाले की माणूस ओळखू येतो. डोस आधी काढा, मग तारखा पुसून फक्त महिना आणि मार्गगट ठेवा.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून माहिती अधिकारात कागद मिळू शकतात : शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘क्रूला धोका आहे का?’ असं विचारलं तर अर्ज फेटाळला जाईल, कारण मत मागता येत नाही. ‘वैश्विक किरणोत्सर्गाबाबत २०१५ ते २०२५ दरम्यान काढलेली परिपत्रकं आणि त्यांवरील टिपण्या’ अशी कागदाचीच मागणी करा. एअर इंडिया जानेवारी २०२२ पासून खासगी आहे, तिच्याकडे थेट अर्ज चालणार नाही.

चौथी पायरी : डोस काढणे

एफएएचा कॅरी-७ हा प्रोग्राम मोफत मिळतो आणि प्रबंधाला पुरतो. विमानतळ आणि उंची दिल्या तर तो दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग धरतो. वळणबिंदूंची फाईल दिली तर खरा मार्ग धरतो. भारतातून निघणाऱ्या लांब फेऱ्यांसाठी वळणबिंदूंचाच पर्याय वापरा.

चार गोष्टी उत्तर बदलतात. पहिली उंची. फ्लाइट लेव्हल ३१० वरून ३९० वर गेलं की डोसचा दर निम्म्याने किंवा त्याहूनही जास्त वाढू शकतो. इंधन जळून विमान हलकं होत जातं तसं ते टप्प्याटप्प्याने वर चढतं, म्हणून एकच सरासरी उंची भरणं चूक.

दुसरी अक्षांश, खरं तर चुंबकीय अक्षांश. पृथ्वीचं चुंबकत्व कमी ऊर्जेचे कण परतवतं. त्याचं माप कटऑफ रिजिडिटी : ती जितकी जास्त, तितके कमी कण आत येतात. भारतावर ती साधारण १४ ते १७ गिगाव्होल्ट, म्हणजे जगात सर्वाधिक असलेल्या पट्ट्यात. ध्रुवाजवळ ती शून्याकडे जाते. म्हणून देशांतर्गत उड्डाणात दर ताशी सुमारे २ मायक्रोसिव्हर्ट (मिलिसिव्हर्टचा हजारावा भाग), तर उत्तरेकडच्या मार्गावर ५ ते ६ पर्यंत जातो.

तिसरी सौरचक्र. सूर्य शांत असताना वैश्विक किरण जास्त आत येतात, सक्रिय असताना कमी. ध्रुवाकडे हा फरक मोठा, विषुववृत्ताकडे किरकोळ. २०२४ हे सौर कमालीच्या आसपासचं वर्ष होतं, त्यामुळे फक्त त्या वर्षावर बेतलेला निष्कर्ष खरा धोका कमी दाखवेल. तीच उड्डाणं २०१९ चं हेलिओसेंट्रिक पोटेन्शियल (सूर्याच्या सक्रियतेचं माप) घालून पुन्हा चालवा आणि दोन्ही उत्तरं द्या.

चौथी, मोजलेली राशी. इफेक्टिव्ह डोस (शरीराच्या अवयवांनुसार भारित केलेला डोस) आणि ॲम्बियंट डोस इक्विव्हॅलंट (एखाद्या जागी उपकरणाने मोजता येणारा डोस) या वेगळ्या राशी आहेत, आणि प्रोटॉनचा भारांक आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या २००७ च्या शिफारशींत ५ वरून २ झाला. कायद्याची मर्यादा इफेक्टिव्ह डोसमध्ये असते, उपकरणं बहुधा दुसरीत मोजतात. जुन्या शोधनिबंधातला आकडा शेजारी ठेवण्याआधी त्याची राशी आणि वर्ष तपासा.

ढोबळ ताळा असा. वर्षाला ७०० तास फक्त देशांतर्गत उडणाऱ्याचा डोस, ताशी २ मायक्रोसिव्हर्ट धरले, तर १.४ मिलिसिव्हर्ट येतो, म्हणजे युरोपातल्या पहिल्या उंबरठ्याच्या थोडा वर. वर्षाला ९०० तास उत्तरेकडच्या लांब मार्गांवर, ताशी सरासरी ४.५ धरली, तर ४ मिलिसिव्हर्ट. वैमानिकाला वर्षाला १००० तासांहून जास्त उडताच येत नाही, म्हणून २० ची मर्यादा मोडणं व्यवहारात अशक्य. पण १५ तासांची एक ध्रुवीय फेरी ६० ते ८० मायक्रोसिव्हर्ट देते आणि अशा पंधराएक एकेरी फेऱ्यांत गर्भाची १ मिलिसिव्हर्ट संपते. कायद्याचा खरा प्रश्न प्रौढ कर्मचाऱ्यापेक्षा गर्भाचा आहे, हे या साध्या गुणाकारातून दिसतं. तुमच्या संगणकाने यापेक्षा फार वेगळं काही दिलं, तर आधी उंचीचं एकक तपासा. फुटांच्या जागी मीटर गेलेले असतात.

सौर वादळांतले कण या हिशेबात येत नाहीत. मे २०२४ सारख्या घटनांसाठी वेगळं प्रारूप लागतं. आंतरराष्ट्रीय अवकाश हवामान सूचनांमध्ये ताशी ३० मायक्रोसिव्हर्टला मध्यम आणि ८० ला तीव्र इशारा दिला जातो. नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबसने ए-३२० विमानांच्या नियंत्रण संगणकातला दोष सौर किरणोत्सर्गाशी जोडला आणि भारतातही विमानं दुरुस्तीला गेली. तो प्रकार चिपमधल्या माहितीच्या बिघाडाचा होता, माणसाच्या डोसचा नव्हे. दोन्ही एका परिच्छेदात मिसळू नका.

पाचवी पायरी : मोजमाप आणि चूक-मर्यादा

मोजून पडताळणी करायची असेल तर रुग्णालयातला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर लावायचा डोस नोंदवणारा बिल्ला, चालणार नाही. विमानातल्या डोसचा साधारण अर्धा वाटा न्यूट्रॉनचा असतो आणि तो बॅज प्रामुख्याने गॅमा व क्ष-किरणांसाठी असतो. ऊतीसदृश गॅस काउंटर किंवा सिलिकॉन स्पेक्ट्रोमीटर लागतो आणि त्याचं अंशांकन उच्च ऊर्जेच्या क्षेत्रात, उदाहरणार्थ जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या संदर्भ क्षेत्रात, झालेलं असावं. बॅज प्रकारचं काही वापरलंच, तर विमानतळाच्या क्ष-किरण यंत्रातून जाताना त्यावर भलताच डोस चढतो. सुरक्षारक्षकाकडे हाताने तपासणी मागा आणि जोडीला एक नियंत्रण बॅज ठेवा. पद्धत आयएसओ २०७८५ या मानकमालिकेप्रमाणे लिहा.

उपकरण मिळालं नाही तरी प्रबंध अडत नाही. युरोपात वेगवेगळ्या प्रोग्रामांची तुलना झाली तेव्हा बहुतेक उत्तरं मध्यापासून २० टक्क्यांच्या आत होती. सुरक्षित बाजूला राहून ३० टक्के अनिश्चितता धरा. तुमचं उत्तर ५.४ मिलिसिव्हर्ट आलं तर पट्टा ३.८ ते ७ होतो आणि ६ चा उंबरठा त्याच्या पोटात येतो. युरोपीय निर्देश ‘शक्यता असेल तर’ म्हणतो. त्यामुळे पट्ट्याचं वरचं टोक कायदेशीर कर्तव्य जागं करतं की मधला आकडा, यावर वाद घालता येतो. तो घाला.

सहावी पायरी : कारणसंबंध

दिवाणी दाव्यात ‘असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त’ हे माप असतं. साथरोगशास्त्राच्या भाषेत ते धोका दुप्पट होण्याशी जुळतं. २५ वर्षं, वर्षाला ४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे एकूण ०.१ सिव्हर्ट. घन कर्करोगांचा (रक्ताचे सोडून, गाठीच्या स्वरूपातले) वाढीव सापेक्ष धोका दर सिव्हर्टमागे सुमारे ०.५ धरला, तर इथे तो ०.०५ येतो. कारण-शक्यता = ०.०५ ÷ १.०५, म्हणजे सुमारे ५ टक्के. ५० टक्के फार दूर राहिले.

इतक्यावर ‘दावा टिकत नाही’ असं लिहून प्रकरण बंद करू नका. एक तर हा मधला अंदाज आहे. अमेरिकेत अण्वस्त्र कारखान्यांच्या कामगारांसाठीच्या भरपाई योजनेत अनिश्चिततेच्या पट्ट्याचं ९९ वं शतमान धरतात, म्हणजे शंकेचा फायदा कामगाराला. विमान क्रू त्या योजनेत नाही, पण पद्धत घेता येते. दुसरं, क्रूमध्ये स्तनाचा कर्करोग आणि मेलॅनोमा (त्वचेचा कर्करोग) जास्त दिसतात, पण त्यांना रात्रपाळी आणि वेळक्षेत्रांची उलथापालथही सोसावी लागते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळी ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवली आहे. शास्त्रज्ञाला हा गोंधळ वाटतो, कारण दोन कारणं वेगळी होत नाहीत. वकिलाला ती संधी वाटते, कारण दोन्ही कारणं नोकरीतलीच आहेत. मात्र अनुसूचीतली नोंद फक्त किरणोत्सर्गाचं नाव घेते, म्हणून मिश्र कारणाचा दावा ‘नोकरीतून उद्भवलेली इजा’ या सर्वसाधारण तरतुदीखाली न्यावा लागतो, आणि तिथे अनुसूचीचं गृहीतक मदतीला येत नाही.

रक्कमही लिहा. १९२३ च्या कायद्याखाली २०२० च्या अधिसूचनेने मासिक वेतन १५,००० रुपये धरलं जायचं, खरा पगार कितीही जास्त असो. वय ५० असताना मृत्यू झाला तर १५,००० च्या निम्मे गुणिले १५३.०९, म्हणजे ११,४८,१७५ रुपये. लांब पल्ल्याच्या कॅप्टनची ही काही महिन्यांची कमाई. भरपाईचा कायदा या धंद्याला किती तोकडा पडतो, ते दाखवायला वेगळं विशेषण लागत नाही.

सातवी पायरी : तुलना आणि जोडपत्रं

तुलनेला एकच देश घ्या, जर्मनी सर्वांत सोयीचा. तिथे विमान क्रूचे डोस राष्ट्रीय नोंदवहीत जातात आणि सरासरी वर्षाला २ मिलिसिव्हर्टच्या आसपास असते. सहा देशांचा वरवरचा तक्ता परीक्षकाला काही सांगत नाही. तुलना करताना कलमांपेक्षा साखळी पाहा : डोस कोण काढतो, कोणाला कळवतो, नोंद किती वर्षं राहते, नोकरी बदलली की आकडा सोबत जातो का. भारतातल्या ‘ब’ भागाची सहा महिन्यांची अट आधीच्या मालकाकडची नोकरी मोजत नाही, आणि भारतीय क्रू कंपन्या बदलत राहतो. सुधारणेचा मसुदा सुचवायचा असेल तर तो या दुव्यावर सुचवा.

प्रबंधाला प्रोग्रामची आवृत्ती, वापरलेली हेलिओसेंट्रिक पोटेन्शियलची मूल्यं, तारखा पुसलेली उड्डाणयादी, संमतीपत्राचा नमुना आणि माहिती अधिकाराची उत्तरं जोडा. मार्गदर्शक दोन्ही शाखांचे असतील तर परीक्षकही दोन्ही शाखांचे मागून घ्या, विद्यापीठाकडे अर्ज सहा महिने आधी द्या, आणि सारांश सादर करण्यापूर्वी कायद्याची तारीखवार यादी पुन्हा एकदा ताजी करा.